दोरीचा ताण सोडून द्या

भौतिकीच्या एमएस्सीच्या पहिल्या सत्रात ‘क्लासिकल’ला, म्हणजे क्लासिकल मेकॅनिक्सला, कुणी फारसा भाव देत नाही. क्वांटमभोवती वलय असतं, इलेक्ट्रॉनिक्सच्या मागे नोकरीची आशा असते, मॅथेमॅटिकल मेथड्सची निदान भीती तरी असते. क्लासिकल म्हणजे अकरावीपासून मागे लागलेले ठोकळे, कप्प्या आणि उतार, हा समज घट्ट बसलेला. ‘मॅडम, न्यूटन तर झालाय की आमचा,’ असं दर वर्षी कुणीतरी म्हणतंच. न्यूटन ‘होतो’ याचंच मला नवल वाटतं, पण ते असो.

दोष मुलांचा नाही. आम्ही हा विषय शिकवतोच तसा. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात व्हर्च्युअल वर्क, मग डी’अलेम्बर्टचं तत्त्व, मग दीड फळा भरून डेरिव्हेशन, आणि शेवटी लॅग्रांजचं समीकरण. त्याला चौकट. चौकटीला दहा मार्क. एवढा खटाटोप कशासाठी चालला होता, हे विचारायला कुणाला फुरसत नसते आणि सांगायला आम्हाला. सिलॅबस संपवायचा असतो. म्हणून जे वर्गात राहून जातं ते इथे लिहिते आहे.

साधा लोलक घ्या. एक दोरी, तिच्या टोकाला गोळा. बीएस्सीला आपण काय करायचो? गोळ्यावर दोन बलं: खाली वजन आणि दोरीच्या दिशेनं ताण. फ्री बॉडी डायग्राम काढायची, बलांचे घटक पाडायचे, एक्ससाठी एक आणि वायसाठी एक अशी दोन समीकरणं मांडायची. त्यात ताण किती ते माहीत नाही, म्हणून तो एका समीकरणातून काढून दुसऱ्यात घालायचा. पानभर खटपट झाली की ताण नाहीसा होतो आणि हाती कोनाचं एक समीकरण उरतं. ज्याला बाहेरच काढायचं होतं त्याला आधी घरात घेतलं, बसायला पाट दिला, चहा पाजला आणि मग दार दाखवलं.

लॅग्रांज दारातच विचारतो, ताण काही कार्य करतो का? गोळा नेहमी दोरीला काटकोनात सरकतो, ताण नेहमी दोरीच्या दिशेत असतो. म्हणजे कार्य शून्य. मग त्याला हिशेबात धरूच नका. आणि एक्स-वाय तरी कशाला हवेत? दोरीची लांबी ठरलेली आहे, त्यामुळे एक कळला की दुसरा कळतोच. एक कोन पुरे. त्या कोनाच्या भाषेत गतिज ऊर्जा लिहा, तीतून स्थितिज ऊर्जा वजा करा, आलेली राशी (तिला लॅग्रांजियन म्हणतात) समीकरणात घाला. तीन ओळींत काम झालं.

तीन ओळी वाचल्या म्हणून कुणी पेढे वाटणार नाही. पण इथे सवय बदलते. बीएस्सीपर्यंत आपण ‘काय काय आहे’ याची यादी करतो. वजन आहे, ताण आहे, अभिलंब बल आहे, सगळं मांडा. इथून पुढे आधी विचारायचं, की यातलं काय काढून टाकलं तरी उत्तराला धक्का लागणार नाही? मला विचाराल तर अख्ख्या सैद्धांतिक भौतिकीचं शिक्षण या एका प्रश्नाभोवती फिरतं. सत्राच्या शेवटी कॅनॉनिकल ट्रान्सफॉर्मेशनला, म्हणजे चलं बदलून समीकरणं सोपी करण्याला, येऊन पोचलात तरी तुम्ही हेच करत असता, फक्त जास्त धीटपणे.

लॅग्रांज मूळचा तुरिनचा, जन्म १७३६चा. १९ वर्षांचा असताना, १७५५ साली, त्यानं बर्लिनला ऑयलरला पत्र लिहून आपली नवी पद्धत कळवली. ऑयलर तेव्हा युरोपातला सर्वांत मोठा गणिती. त्यानं या पोराचं मोकळेपणानं कौतुक केलं आणि या गणिताला पुढे जे नाव पडलं तेही ऑयलरनंच दिलं, कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स. पुढे १७६६मध्ये बर्लिनला ऑयलरच्याच जागी लॅग्रांज आला, तिथून पॅरिसला गेला आणि १७८८ साली त्याचा यामिकीवरचा मोठा ग्रंथ निघाला. न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’ला तेव्हा १०१ वर्षं झाली होती. ‘प्रिन्सिपिया’ भूमितीच्या आकृत्यांनी भरलेला आहे. लॅग्रांजनं प्रस्तावनेतच बजावलं, की या पुस्तकात एकही आकृती सापडणार नाही. आणि खरोखरच नाही. बलं टाकली, बाण टाकले, आकृत्याही टाकल्या. थोडा अतिरेक झाला असं माझं मत आहे. आकृती न काढता उत्तर काढायला सांगितलं तर माझीही पंचाईत होते.

टाकलेल्या गोष्टीला कधी परत बोलवावं लागतं, हेही लगेच सांगून टाकते. लोलक आडव्या स्थितीतून सोडला, तर गोळा तळाशी येताना दोरीवर वजनाच्या तिप्पट ताण येतो. दोरी तुटेल का, हा प्रश्न असेल तर ताण सोडून देऊन कसं चालेल? तेव्हा लॅग्रांज मल्टिप्लायर, म्हणजे दोरीच्या अटीसाठी घेतलेला एक जादा अज्ञात, लावून त्याला सन्मानानं आत घ्यायचं. काय टाकायचं हे प्रश्नावर ठरतं.

आता माझं लाडकं उदाहरण. जाड तारेचं एक गोल कडं, त्रिज्या १० सेंटीमीटर. त्यात ओवलेला एक गुळगुळीत मणी. कडं उभं धरून त्याच्या उभ्या व्यासाभोवती मोटरनं फिरवायचं. मणी कुठे राहील? न्यूटनच्या वाटेनं गेलात तर तारेचा मण्यावरचा दाब दोन दिशांनी येतो, तोही फिरत्या चौकटीत, आणि चिन्हांचा गोंधळ हमखास होतो. लॅग्रांजच्या वाटेनं पुन्हा एकच कोन, मणी तळापासून किती वर चढला तो. मोटर कडं ठरल्या वेगानं फिरवते आहे, म्हणजे दुसरा कोन आपल्या हातात नाही, तो अज्ञात नाही. चार ओळींत समीकरण येतं.

आणि ते समीकरण जे सांगतं ते पहिल्यांदा पाहताना मी फळ्यासमोर थबकले होते. मिनिटाला साधारण ९५ फेऱ्यांपर्यंत मणी तळाशीच राहतो. ६० करा, ८० करा, ९० करा, तळाशीच. ढकललात तर थोडा झुलून परत तळाशी. ९५च्या वर गेलात की तळ त्याला मानवत नाही. १०० फेऱ्यांना तो २७ अंशांच्या आसपास चढून बसतो. पाचच फेरे वाढले आणि मणी शून्यावरून २७ अंशांवर! १९० फेऱ्यांना ७५ अंशांच्या पुढे. कितीही जोरात फिरवा, ९० अंशांना तो कधीच पोचत नाही. शिवाय चढायचं डावीकडे की उजवीकडे, हे समीकरण सांगतच नाही. दोन्ही बाजू त्याच्या लेखी सारख्याच. मणी मात्र एकीकडेच जातो. पुढे लोहचुंबक कसा तयार होतो हे शिकाल, हिग्जबद्दल ऐकाल, तेव्हा हाच मणी वेगळ्या कपड्यांत भेटेल. क्लासिकलला जुनं समजणाऱ्यांना मी हे कडं दाखवते.

याच कड्यात तोंडी परीक्षेतला एक सापळाही आहे. या मण्याची एकूण ऊर्जा टिकते का? नाही. मोटर कधी त्याला ऊर्जा देते, कधी काढून घेते. आणि तरीही एक राशी टिकते, तिला हॅमिल्टोनियन म्हणतात. ऊर्जेत कड्याच्या फिरण्यामुळे येणारं जे पद अधिक चिन्हानं असतं, ते या राशीत वजा चिन्हानं येतं, एवढाच फरक. हॅमिल्टोनियन म्हणजे एकूण ऊर्जा, असं पाठ करून आलेला विद्यार्थी इथे अडकतो. मोटर काढून कडं मोकळं सोडलं, तर पुन्हा सगळंच वेगळं. ते घरी करून बघा.

आता ॲक्शनकडे वळू. मुलं इथे सर्वांत जास्त बिचकतात, कारण अचानक तत्त्वज्ञान सुरू झाल्यासारखं वाटतं. दगड म्हणे सगळ्या शक्य वाटांतून ‘ॲक्शन’ कमीत कमी होईल अशी वाट निवडतो. हे वाक्य ऐकून मान डोलावू नका. आकडे घालून पाहा. आकडे घातल्याशिवाय हा विषय अंगात मुरत नाही.

एक किलोचा दगड सेकंदाला १० मीटर वेगानं सरळ वर फेकला. जी १० धरा. दगड ५ मीटर चढतो आणि बरोबर दोन सेकंदांनी हातात परत येतो. दर क्षणाची गतिज ऊर्जा वजा स्थितिज ऊर्जा घेऊन दोन सेकंदांवर इंटिग्रेट केलं, की ॲक्शन येते उणे ३३.३ ज्यूल-सेकंद. आता दुसरी काल्पनिक वाट घ्या. दगड एकसारख्या वेगानं एका सेकंदात ५ मीटर वर गेला आणि एकसारख्या वेगानंच खाली आला. ॲक्शन उणे २५. तिसरी वाट, दगड दोन सेकंद हातातच राहिला. ॲक्शन शून्य. चौथी वाट, त्याच दोन सेकंदांत दुप्पट उंच, १० मीटर जाऊन परत. पुन्हा शून्य! हातात बसून राहणं आणि दुप्पट उडणं, दोन्हींची किंमत सारखीच, आणि खरी वाट त्या दोहोंच्या बरोबर मध्ये, सर्वांत खाली. वर जाऊन राहिलं तर स्थितिज ऊर्जेचा फायदा; पण वेळ ठरलेला असल्यानं वर जायला वेग लागतो आणि गतिज ऊर्जा अंगावर येते. या दोहोंच्या ओढाताणीतून उंची आणि वेळेच्या आलेखाचा पॅराबोला निघतो. कुठलंही बल न लिहिता.

संपूर्ण वाटेबद्दल प्रश्न विचारायची ही तऱ्हा लॅग्रांजच्याही आधीची. फर्मानं १६६२ साली प्रकाशाबद्दल असंच म्हटलं होतं, की तो कमीत कमी वेळाची वाट धरतो. १६९६ साली योहान बर्नुलीनं युरोपातल्या गणित्यांना कोडं घातलं: एका बिंदूपासून खालच्या दुसऱ्या बिंदूपर्यंत मणी लवकरात लवकर घसरत यायचा असेल तर घसरगुंडीचा आकार कोणता? उत्तर सरळ रेषा नाही, सायक्लॉइड. न्यूटन तेव्हा लंडनच्या टांकसाळीत नोकरी करत होता. त्यानं ते एका रात्रीत सोडवून निनावी छापलं आणि बर्नुलीनं ते पंज्यावरून सिंह ओळखावा तसं ओळखलं, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. १७४४च्या सुमाराला मोपर्तुईनं ‘निसर्ग काटकसरी आहे’ असं म्हणत त्यात देवाच्या अस्तित्वाचा पुरावा पाहिला. व्होल्तेअरनं त्याची यथेच्छ टर उडवली. मोपर्तुईला मी फार वेळ देत नाही. काम ऑयलर, लॅग्रांज आणि पुढे १८३४-३५मध्ये डब्लिनच्या हॅमिल्टननं केलं.

‘कमीत कमी’ हा शब्दही जरा जपून वापरा. झुलत्या लोलकाला अर्ध्या आवर्तनापेक्षा जास्त वेळ दिला, तर खऱ्या वाटेची ॲक्शन सर्वांत कमी असेलच असं नाही. ती ‘स्थिर’ असते, म्हणजे वाट किंचित हलवली तर ॲक्शन जवळजवळ हलत नाही, एवढंच. परीक्षेत ‘लीस्ट’ लिहिलंत तर मार्क जाणार नाहीत, पण लिहिताना मनात टोचलं पाहिजे.

मग वर्गातला सर्वांत चांगला प्रश्न येतो, आणि बहुतेक वेळा तो शेवटच्या बाकावरून येतो. दगडाला कसं कळतं? दोन सेकंदांनी कुठे पोचायचं हे त्याला आधीच माहीत असतं का? पहिलं उत्तर कोरडं आहे. ॲक्शन स्थिर असण्याची अट आणि न्यूटनचा नियम हे एकच गणित आहे. वाटेचा प्रत्येक छोटा तुकडा आपल्यापुरता स्थिर असला की पूर्ण वाट स्थिर होते, आणि छोट्या तुकड्याला फक्त आसपासचं बल कळावं लागतं. दगड भविष्य पाहत नाही.

दुसरं उत्तर मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं. डिरॅकनं १९३३ साली एक सूचक निबंध लिहिला आणि फाइनमननं १९४२च्या प्रिन्स्टनच्या प्रबंधात आणि १९४८च्या लेखात तो धागा पूर्ण केला. कण सगळ्याच वाटांनी जातो असं समजायचं. प्रत्येक वाटेचा एक छोटा बाण, आणि तो किती फिरायचा हे ॲक्शनला प्लांकच्या लहान स्थिरांकानं (एच-बार) भागून ठरतं. तो स्थिरांक केवढा? ज्यूल-सेकंदात दशांश चिन्हानंतर तेहतीस शून्यं आणि मग १. आपल्या दगडाची ॲक्शन ३३. म्हणजे वाट इतकीशी हलवली तरी बाण अगणित गिरक्या घेतो आणि शेजारच्या वाटांचे बाण एकमेकांना खाऊन टाकतात. फक्त जिथे ॲक्शन स्थिर आहे तिथे शेजारच्या वाटांचे बाण एकाच दिशेला राहून बेरजेत उरतात. ती आपली पॅराबोलाची वाट. क्वांटमला वलय असलं तरी त्याचा हिशेब क्लासिकलच्या वहीत लिहिलेल्या ॲक्शननंच चालतो.

आता पुन्हा टाकून देण्याकडे. लॅग्रांजियनमध्ये एखादा निर्देशक, म्हणजे आपल्या कोनासारखी जागा सांगणारी राशी, दिसतच नसेल, तर त्याच्याशी जोडलेला संवेग टिकून राहतो. इंग्रजी पुस्तकात हे एका ओळीत उरकतात. एमी नोथरनं १९१८ साली गटिंगेनमध्ये त्याचं पूर्ण रूप सिद्ध केलं. ज्या ज्या सलग बदलानं ॲक्शनला फरक पडत नाही, त्याच्या बदल्यात एकेक राशी टिकते. प्रयोग इथे केला की दोन मीटर पलीकडे, फरक नाही, म्हणून संवेग टिकतो. टेबल पूर्वेकडे तोंड करून ठेवलं की उत्तरेकडे, फरक नाही, म्हणून कोनीय संवेग टिकतो. आज केला की उद्या, फरक नाही, म्हणून ऊर्जा. आपल्या कड्यातल्या मण्याची ती विचित्र राशीही याच नियमानं टिकते, कारण त्याच्या लॅग्रांजियनमध्ये घड्याळ कुठेच नाही. ऊर्जा टिकते हा अनुभव सगळ्यांचा होता. ती का टिकते, याचं इतकं स्वच्छ उत्तर तोवर कुणी दिलं नव्हतं. त्या बाईंना गटिंगेननं बरीच वर्षं पगार दिला नाही, व्याख्यानं हिल्बर्टच्या नावावर जाहीर व्हायची, शिकवायचा रीतसर अधिकार १९१९ला मिळाला. वर्गात हे सांगितलं की मुली वहीतून मान वर करतात.

या यंत्रणेला न जुमानणाऱ्या गोष्टी आहेतच. घर्षण हे ठळक उदाहरण. रॅलेनं त्यासाठी वेगळं फलन जोडून दिलं, पण ते जोडकाम जोडकामासारखंच दिसतं. मग उलटा प्रश्न पडतो. गतीचं समीकरण आधी हातात असेल, तर ते कुठल्या तरी ॲक्शनमधून निघालं आहे की नाही हे ओळखायचं कसं? या प्रश्नाशी झुंजणाऱ्यांत आपले दामोदर धर्मानंद कोसंबी होते, गोव्यातल्या कोसबेंचे. इतिहासकार म्हणून ते सगळ्यांना ठाऊक, पण १९३३ साली एका जर्मन गणिती नियतकालिकात त्यांचा पथ-अवकाशांवरचा निबंध आला आणि त्याला लागूनच एली कार्तानची टिप्पणी छापली गेली. समीकरणांच्या उत्तरांनाच वाटा मानून, अंतर मोजायची पट्टी आधी गृहीत न धरता, त्या वाटांची भूमिती उभी करायची, असं ते काम. आज त्याला कोसंबी-कार्तान-चर्न सिद्धांत म्हणतात. फर्ग्युसनच्या वर्गांत पुढे ते गणित शिकवत होते. फर्ग्युसनमध्ये शिकणाऱ्या किती मुलांना हे माहीत असतं, मला शंकाच आहे.

सर्वांत मोठी टाकलेली गोष्ट मात्र आपण कधी बोलूनही दाखवत नाही. लोलकाचा कोन मोजताना प्रयोगशाळा स्थिर आहे असं धरलं, म्हणजे पृथ्वीचं फिरणंच सोडून दिलं. फुकोनं १८५१ साली पॅरिसच्या पाँतिऑनमध्ये ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून ती टाकलेली गोष्ट सगळ्यांना डोळ्यांनी दाखवली. झुलण्याचं प्रतल हळूहळू वळतं. पॅरिसला पूर्ण फेरीला ३२ तासांच्या आत. अक्षांश कमी तसा वेग कमी. पुण्यात तासाला पावणेपाच अंशांच्या आसपास, म्हणजे फेरीला साधारण ७५ तास. पणजीला जवळजवळ ९०. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत असा लोलक आहे. लॅग्रांजियनमध्ये वेग फिरत्या चौकटीचा लिहून पाहा, अक्षांशाचा साइन आपोआप समोर येतो.

हे ऐकून दर वर्षी एखादा उत्साही गट लॅबमधला एक मीटरचा लोलक टांगून पृथ्वी फिरताना पाहायला निघतो. प्रतल वळतं, पण भलत्याच वेगानं आणि कधी भलत्याच दिशेनं. कारण आपण आणखी एक गोष्ट टाकलेली असते. कोन लहान म्हणून साइन थीटाच्या जागी नुसता थीटा. गोळा अगदी सरळ रेषेत झुलत नाही, बारीक लंबवर्तुळ काढतो, आणि त्या टाकलेल्या पदामुळे ते लंबवर्तुळ स्वतःच वळायला लागतं. एक मीटरच्या लोलकाचा झोका मध्यापासून १० सेंटीमीटर आणि लंबवर्तुळाची निम्मी रुंदी फक्त ५ मिलिमीटर धरा, तर हे वळणं तासाला सुमारे १२० अंश, पृथ्वीच्या वाट्याच्या पंचवीसपट. ६७ मीटरच्या तारेवर, झोका तीन मीटरचा धरला तरी, तेच ५ मिलिमीटर तासाला अंशाच्या दहाव्या भागापुढे जात नाहीत. फुकोला एवढी लांब तार का लागली, ते या एका पदात आहे.